मोटार विम्याचा हप्ता: त्यात गाडी किती आणि चालवणारा किती?

चौकस (धागालेखक)

पॉलिसी संपायला आली की आपण दोन-तीन संकेतस्थळांवर गाडीचा क्रमांक टाकतो, सर्वांत कमी आकडा पाहून पैसे भरतो आणि पुढच्या वर्षापर्यंत तो कागद विसरून जातो. त्या आकड्यामागच्या गणिताची मराठीत सविस्तर चर्चा व्हावी, या हेतूने हा धागा काढत आहे. माझे मत आरंभीच सांगतो. आपल्याकडच्या हप्त्यात गाडीविषयी पुष्कळ काही असते, ती चालवणाऱ्याविषयी मात्र फारच थोडे असते. आणि याला केवळ कंपन्यांची उदासीनता जबाबदार नसून, एकट्या माणसाच्या नोंदीवरून त्याची जोखीम ओळखणे हेच मुळात संख्याशास्त्राला अवघड जाते.

पॉलिसीत दोन हप्ते एकत्र आलेले असतात आणि दोघांचे गणित अगदी वेगळे आहे. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई देणारा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा केला आहे आणि त्याचा दर कंपनीच्या हातात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचित केलेल्या आणि १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीचे इंजिन १००० सीसीपर्यंत असेल तर वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी असेल तर ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठे असेल तर ७,८९७ रुपये पडतात. विजेवरच्या मोटारींसाठी किलोवॅटनुसार वेगळे गट असून त्यांना १५ टक्के सवलत आहे. गाडी मुंबईत फिरते की गडचिरोलीत, चालवणारा विशीतला आहे की साठीतला, याची इथे चौकशीच नाही. ९९८ सीसीचे टर्बो इंजिन ११९७ सीसीच्या साध्या इंजिनापेक्षा अनेकदा जास्त ताकदीचे असते, तरी त्याचा तृतीय पक्ष हप्ता कमी, ही गंमतही त्यातूनच आलेली आहे.

दुसरा हप्ता आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला सगळे ओन डॅमेज किंवा ओडी म्हणतात. १ जानेवारी २००७ पूर्वी त्याचेही दरपत्रक ठरलेले होते. २००२ च्या दरपत्रकात खासगी मोटारीचा मूळ दर गाडीची विमित किंमत म्हणजे आयडीव्ही, तिचे वय, इंजिनाची क्षमता आणि विभाग (गाडीची नोंदणी कुठली ते) एवढ्या चार गोष्टींवर निघत असे. पाच वर्षांच्या आतल्या, १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला 'अ' विभागात आयडीव्हीच्या ३.१२७ टक्के आणि 'ब' विभागात ३.०३९ टक्के असा तो दर होता. २००७ पासून कंपन्यांना मोकळीक मिळाली आणि खरे संख्याशास्त्र आपल्या पॉलिसीत शिरले ते तिथून.

मूळ सूत्र साधे आहे. शंभर गाड्यांमागे वर्षाला १२ दावे येतात आणि एका दाव्याचा सरासरी खर्च २५,००० रुपये होतो असे धरू. मग प्रत्येक गाडीमागे जोखमीचा खर्च ३,००० रुपये झाला. त्यावर कार्यालयीन खर्च, कमिशन, पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीचा काढलेला विमा) आणि नफा चढतो आणि शेवटी १८ टक्के जीएसटी. दाव्यांची वारंवारता आणि दाव्याची रक्कम या दोन गोष्टी ॲक्च्युअरी (विम्याची जोखीम मोजणारे गणिती) शक्यतो वेगवेगळ्या मोजतात, कारण त्यांची कारणे वेगळी असतात. गर्दीच्या शहरात ठोकरी वारंवार लागतात पण स्वस्तात निभावतात. महागड्या गाडीचा एक हेडलाइट फुटला तरी बिल डोळे पांढरे करते. दाव्यांच्या संख्येसाठी सहसा प्वासाँ नावाचे संभाव्यतेचे सूत्र (वितरण) वापरतात आणि रकमेसाठी गॅमा नावाचे.

खरी अडचण पुढे येते. समजा, जास्त फिरणाऱ्या शंभर गाड्यांमागे २० दावे येतात आणि कमी फिरणाऱ्या शंभरांमागे १०, मग इंधन कोणतेही असो. डिझेल गाड्यांपैकी ८० टक्के जास्त फिरणाऱ्या आणि पेट्रोल गाड्यांपैकी २० टक्केच तशा असतील, तर नुसती सरासरी काढल्यावर डिझेलचे शंभरामागे १८ दावे दिसतील आणि पेट्रोलचे १२. डिझेल दीडपट धोकादायक ठरले, प्रत्यक्षात मात्र इंधनाचा काडीचाही संबंध नाही. असे एकमेकांत गुंतलेले घटक सोडवण्यासाठी आज जगभर जी पद्धत रूढ आहे, ती जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या सामान्यीकृत रेषीय प्रारूपांची (जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल), ज्यांत सर्व घटक एकत्र घेऊन प्रत्येकाचा परिणाम वेगळा काढतात. या पद्धतीत बहुधा घटकांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो: एका कारणाने १.२ पट आणि दुसऱ्याने १.३ पट, म्हणजे एकूण १.५६ पट. परंतु प्रारूप कितीही चांगले असले, तरी गाडी वर्षाला किती किलोमीटर फिरली याची नोंदच कंपनीकडे नसेल, तर ते किलोमीटरचा दोष डिझेलच्याच माथी मारणार. आपल्याकडचे इंधन, मॉडेल आणि आरटीओ हे घटक बऱ्याच अंशी अशा न नोंदलेल्या गोष्टींची बदली कामगिरी करत असतात, असे माझे मत आहे.

निळावंती

लेख आवडला, विशेषतः डिझेलचे उदाहरण. मात्र 'चालवणाऱ्याविषयी फारच थोडे' हे मला तितकेसे पटले नाही, कारण एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस हा चालवणाऱ्याच्या नोंदीवरच तर मिळतो. पहिल्या निर्धोक, म्हणजे एकही दावा न केलेल्या, वर्षानंतर ओडी हप्त्यात २० टक्के सवलत, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. माझा आक्षेप वेगळाच आहे. पाच वर्षे सांभाळून गाडी चालवायची आणि सहाव्या वर्षी एक दावा केला की थेट शून्यावर यायचे, यात कोणते संख्याशास्त्र आहे? पाच वर्षांच्या पुराव्यापेक्षा एका दिवसाचा पुरावा मोठा कसा ठरतो? मला तर हा सरळसरळ दंड वाटतो.

चौकस

निळावंती, तुमचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर सहजबुद्धीच्या विरुद्ध जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दोन प्रकारचे चालक आहेत असे धरा. सावध चालकाचे वर्षाला सरासरी ०.१ दावे, म्हणजे दहा वर्षांत एक. बेफिकीर चालकाचे ०.२, म्हणजे पाच वर्षांत एक. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. समोर आलेला माणूस कोणत्या प्रकारचा आहे हे कंपनीला ठाऊक नाही, म्हणून ती दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरते. आता पाच वर्षे एकही दावा न येण्याची संभाव्यता प्वासाँच्या सूत्राने सावध चालकासाठी ०.६१ आणि बेफिकीर चालकासाठी ०.३७ येते. म्हणजे बेफिकीर माणसांपैकीही एक तृतीयांशाहून अधिक जण केवळ नशिबाने पाच वर्षे कोरी काढतात. पाच कोऱ्या वर्षांनंतर तुम्ही सावध असण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर जाते, फार नाही.

उलट, एका वर्षात एक दावा आला तर? सावध चालकासाठी ही संभाव्यता ०.०९ आणि बेफिकीर चालकासाठी ०.१६. या एका नोंदीने तुम्ही बेफिकीर असण्याची शक्यता ५० वरून सुमारे ६४ टक्के होते. पाच कोऱ्या वर्षांनी पारडे जितके एका बाजूला झुकते, जवळजवळ तितकेच एका दाव्याने ते दुसऱ्या बाजूला जाते. अपघात विरळ असतात, म्हणून 'काही घडले नाही' ही बातमी दुबळी असते आणि 'काहीतरी घडले' ही बातमी जोरकस. त्यामुळे एका दाव्यानंतर माणूस जवळपास पहिल्या ठिकाणी येणे हे गणिताच्या दृष्टीने वाटते तितके विचित्र नाही.

एकट्या माणसाची नोंद किती तोकडी असते याचा आणखी एक मासला देतो. जुन्या विश्वसनीयता सिद्धांतातला (किती नोंदी असल्या म्हणजे त्यांवर विसंबावे हे सांगणाऱ्या) प्रसिद्ध आकडा १,०८२ आहे: दाव्यांच्या वारंवारतेचा अंदाज ९० टक्के खात्रीने खऱ्या आकड्याच्या पाच टक्के मागेपुढे यावा असे वाटत असेल, तर किमान इतके दावे पाहावे लागतात. वर्षाला ०.१ दाव्यांच्या वेगाने एकट्या माणसाला तिथे पोहोचायला १०,८२० वर्षे लागतील. म्हणून कंपनीला तुम्हाला कुठल्या तरी गटात बसवावेच लागते. अर्थात एकट्याची नोंद अगदीच टाकाऊ नसते. रॉबर्ट बेली आणि लीरॉय सायमन यांनी १९५९ मध्ये कॅनडातल्या खासगी मोटारींच्या नोंदी वापरून दाखवले, की एका गाडीच्या एका वर्षाच्या अनुभवालाही थोडे वजन द्यावेच लागते.

तुमच्या आक्षेपात तथ्य आहे ते दुसऱ्या ठिकाणी. आपला एनसीबी दोष कोणाचा हे विचारत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला कोणी मागून धडक दिली आणि तुम्ही स्वतःच्या पॉलिसीतून दावा केला, तरी तो शून्यावर येतो. फ्रान्समधली पद्धत पाहा. तिथे मूळ हप्त्याला लावायचा गुणक दर निर्धोक वर्षाला पाच टक्क्यांनी उतरतो आणि १.०० वरून ०.५० वर यायला १३ वर्षे लागतात. स्वतःच्या दोषाने झालेल्या प्रत्येक अपघाताला तो २५ टक्क्यांनी चढतो आणि ३.५० पर्यंत जाऊ शकतो. बक्षीस हळू मिळते, एका अपघातात सगळे जात नाही, पण वारंवार ठोकणाऱ्याला मूळ दराच्या वर चढवले जाते. आपला बोनस शून्याखाली जात नसल्याने वर्षात एक दावा करणारा आणि तीन दावे करणारा त्याच्या लेखी सारखेच.

हिशेबी काकू

सिद्धांत राहू द्या बाजूला, दावा करायचा की नाही हे ठरवण्याचा हिशेब मी देते, कारण घरोघरी हा प्रश्न पडतो.

ओडीचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि तुम्हाला ५० टक्के एनसीबी मिळतो, म्हणजे तुम्ही ५,००० भरता, असे समजा. दावा केला की पुढची नूतनीकरणे अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० रुपयांना होतील आणि त्यानंतर पुन्हा ५,००० वर याल. जास्तीचे पैसे झाले ५,००० + ३,००० + २,५०० + १,५०० + ५००, म्हणजे १२,५०० रुपये. जीएसटी धरला तर १४,७५०. गाडी जुनी होत जाते तशी आयडीव्ही उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा याहून काहीसा कमी होतो, हे मान्य. तरी बंपर खरचटला म्हणून दावा करू नये, हे यावरून कळावे. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला दर दाव्यामागे हजार रुपये आपल्याला सोसावे लागतात, त्याहून मोठीला दोन हजार. आणि झिरो डेप (घसारा कापू नये म्हणून घ्यायची जादा सोय) घेतलेले नसेल तर प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. बंपर प्लास्टिकचाच असतो.

आमच्या यजमानांनी एकदा एजंटाच्या आग्रहावरून असाच किरकोळ दावा केला होता. गॅरेजवाल्याचे भले झाले, इतकेच म्हणते.

चौकस

काकू, तुमच्या हिशेबातून निघणारी एक गोष्ट ॲक्च्युअरींच्याही डोक्याला त्रास देते. दहा-बारा हजारांच्या आतले अपघात लोक खिशातून भागवतात, त्यामुळे ते कंपनीच्या विदात, म्हणजे जमवलेल्या नोंदींत, कधी येतच नाहीत. ज्यांचा एनसीबी मोठा ते अधिक दावे गिळतात, ज्यांचा शून्य आहे ते प्रत्येक ओरखड्याचा दावा करतात. मग ५० टक्केवाल्यांचे दावे कमी दिसतात ते सावधपणामुळे किती आणि या हिशेबामुळे किती, हे नुसत्या दाव्यांच्या संख्येवरून वेगळे काढता येत नाही.

न्यायप्रविष्ट

मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली करतो. चौकस यांनी तृतीय पक्षाचा भाग चार ओळींत आटोपला आहे, म्हणून त्यात भर घालतो. पैशाच्या दृष्टीने मोठा राक्षस तिथेच आहे.

मृत्यू किंवा इजेच्या बाबतीत तृतीय पक्ष विम्याची जबाबदारी रकमेच्या मर्यादेत बांधलेली नसते. भरपाई ठरते ती बळी पडलेल्या व्यक्तीचे वय, उत्पन्न आणि तिच्यावर अवलंबून असलेली माणसे यांवरून. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये मृताच्या वयानुसार गुणकांचे कोष्टक घालून दिले आणि प्रणय सेठी खटल्यात २०१७ मध्ये भावी उत्पन्नवाढीची टक्केवारी निश्चित केली. तीस वर्षांचा, वर्षाला सहा लाख मिळवणारा, स्वतःचा व्यवसाय असलेला माणूस अपघातात गेला आणि त्याच्यामागे पत्नी व दोन मुले आहेत असे धरा. उत्पन्नात ४० टक्के वाढ मिळवून ८.४ लाख, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करून ५.६ लाख, आणि त्याला १७ ने गुणले की ९५.२ लाख रुपये. इतर शीर्षकांखालची रक्कम आणि व्याज वेगळेच. १००० ते १५०० सीसी गटातल्या गाडीचा हप्ता ३,४१६ रुपये आहे हे ध्यानात घेतले, तर हा एक निवाडा सुमारे २,८०० गाड्यांचे वर्षभराचे हप्ते खाऊन जातो. तोच अपघात, तीच गाडी, तोच वेग. पण पादचारी सत्तर वर्षांचा निवृत्त गृहस्थ असता, तर गुणक ५ झाला असता. म्हणजे रक्कम चालकाच्या वागण्यापेक्षा समोर कोण आले यावर ठरते, आणि ते कोणत्याही कोष्टकात आधी लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. ओडीचा दावा काही आठवड्यांत मिटतो. आमच्याकडचा दावा न्यायाधिकरण, उच्च न्यायालय असे करत वर्षानुवर्षे चालतो. आज घेतलेल्या हप्त्यातून अनेक वर्षांनंतरचे, त्या वेळच्या उत्पन्नमानाने वाढलेले निवाडे भागवायचे असतात, म्हणून कंपनीला अंदाजाने राखीव निधी बाजूला ठेवावा लागतो. हा अंदाज पूर्वी इतका चुकत असे की व्यापारी वाहनांना विमा द्यायला कंपन्या टाळाटाळ करू लागल्या आणि २००७ ते २०१२ या काळात त्या वाहनांची तृतीय पक्ष जोखीम सर्व कंपन्यांच्या एका सामाईक निधीत टाकावी लागली होती.

दर सरकारने ठरवणे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. माझ्या अशिलांपैकी बहुतेक जण पादचारी आणि दुचाकीस्वार आहेत. धोकादायक चालकाला हप्ता परवडला नाही म्हणून त्याने विमाच काढला नाही, तर शिक्षा त्याला होत नाही, माझ्या अशिलाला होते. त्यामुळे हा एक दर सपाट राहिलेला मला चालतो.

कोकणकडा

विभागांविषयी विचारायचे होते. जुन्या दरपत्रकात मुंबई आणि पुणे 'अ' विभागात, उरलेला सगळा महाराष्ट्र 'ब' विभागात. नागपूर आणि माझे लांजा एकाच विभागात! आमच्याकडे वाहतूक विरळ, पण घाट, पावसाळ्यातले धुके, मध्येच आडवी येणारी गुरे आणि महामार्गाचे अर्धवट काम. शहरातल्यासारख्या बारीक ठोकरी नाहीत, मात्र अपघात झाला तर मोठाच होतो. कंपन्यांना आता मोकळीक आहे, तर तालुकावार दर का निघत नाहीत?

चौकस

सहा लाख आयडीव्हीच्या छोट्या मोटारीवर जुन्या दराने 'अ' विभागात १८,७६२ रुपये आणि 'ब' विभागात १८,२३४ रुपये मूळ हप्ता होत असे. फरक ५२८ रुपयांचा. मुंबई आणि लांजा यांच्यातला फरक इतकाच असेल, यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. ते संख्याशास्त्र नव्हतेच, प्रशासकीय सोय होती.

तालुकावार दर न निघण्याचे कारण पुन्हा तो १,०८२ चा आकडा. एका कंपनीकडे तुमच्या तालुक्यातून काही वर्षांत समजा १२० दावे आले. १२० भागिले १,०८२ याचे वर्गमूळ सुमारे ०.३३ येते, म्हणून तालुक्याच्या स्वतःच्या अनुभवाला एक तृतीयांश वजन द्यायचे आणि उरलेले दोन तृतीयांश जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सरासरीला, असा व्यवहार होतो. वर तुम्ही म्हणता तसे कमी पण मोठे दावे असतील, तर रकमेतला चढउतार धरून १,०८२ सुद्धा अपुरे पडतात. ट्रकखाली सापडलेल्या दोन गाड्या एका वर्षी आल्या की तालुका धोकादायक, पुढच्या वर्षी एकही आली नाही की तालुका सुरक्षित, असा झोका घेणारा दर कोणालाच नको असतो. एकट्या कंपनीचा विदा तोकडा पडतो म्हणूनच सर्व कंपन्यांचा विदा एकत्र करणारी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो ही संस्था २००९ मध्ये सुरू झाली.

जर्मनीत हे काम अधिक उघडपणे होते. तिथल्या विमा कंपन्यांची संघटना चारशेहून अधिक नोंदणी जिल्ह्यांचे आणि गाड्यांच्या मॉडेलांचे वर्ग दरवर्षी जाहीर करते, त्यामुळे आपला जिल्हा वर गेला की खाली आला हे कोणालाही पाहता येते. आपल्याकडे पुण्यातल्या एका आरटीओचा गुणक काय आहे, हे कंपनीबाहेरच्या माणसाला पाहता येत नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे.

पैलतीर

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथल्या मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये प्रस्ताव १०३ मंजूर केला आणि मोटार विम्याच्या दरात कशाला किती महत्त्व द्यायचे हे कायद्यानेच ठरवले: प्रथम चालकाची सुरक्षिततेची नोंद, मग वर्षाला चालवलेले मैल, मग चालवण्याच्या अनुभवाची वर्षे. राहत्या वस्तीसारखे बाकीचे घटक या तिघांच्या मागे. चौकस ज्याला चालवणाऱ्याविषयीची माहिती म्हणतात तिला इथे कायद्यानेच अग्रस्थान मिळाले आहे.

बहुतेक अमेरिकी राज्यांत मात्र माणसाच्या कर्जफेडीच्या इतिहासावरून काढलेला गुणांकही हप्त्यात धरला जातो. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्स यांनी त्याला मनाई केली आहे. गमतीची गोष्ट अशी, की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००७ च्या अहवालात या गुणांकावरून दाव्यांचा अंदाज खरोखरच चांगला बांधता येतो, असा निष्कर्ष काढला. म्हणजे आकडे बरोबर आहेत. तरीही क्रेडिट कार्डाचा हप्ता चुकलेल्या माणसाला गाडीसाठी जास्त पैसे का पडावेत, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

चौकस

पैलतीर, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले. एखाद्या घटकावरून जोखमीचा अंदाज बांधता येतो, एवढ्यावरून तो वापरावा असे ठरत नाही. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी बेल्जियममधल्या ग्राहक संघटनेच्या खटल्यात निकाल दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघात नव्या पॉलिसीच्या हप्त्यात स्त्री-पुरुष भेद करायला बंदी आली. तरुण पुरुषांचे अपघात तरुण स्त्रियांपेक्षा जास्त आणि मोठे असतात, हे आकडे काही त्या दिवशी खोटे ठरले नाहीत. मात्र बंदी घातलेला घटक दुसऱ्या दाराने येऊ शकतो. व्यवसाय, गाडीचा प्रकार, वर्षाला होणारे अंतर यांतून लिंगाचा बराचसा अंदाज निघतो आणि प्रारूप तो घेते. त्याला रकान्याचे नाव वाचता येत नाही.

सातपुडा

यावर उपाय म्हणून मोबाइल ॲप किंवा गाडीतल्या उपकरणातून चालवण्याची माहिती घ्यावी, असे सांगितले जाते. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये 'जितके चालवाल तितके भरा' आणि 'जसे चालवाल तसे भरा' अशा दोन्ही प्रकारची ॲड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडायच्या जादा सोयी) देण्याची कंपन्यांना मुभा दिली. मला दोन शंका आहेत. पहिली अशी, की आपल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावणे हे वाईट चालकाचे लक्षण आहे की चांगल्या चालकाचे? समोरून उलट्या दिशेने रिक्षा येते तेव्हा जो ब्रेक लावत नाही तोच धोकादायक. दुसरी अशी, की आज सवलतीच्या रूपाने आलेली गोष्ट उद्या सक्तीची होणार नाही कशावरून? माझी गाडी रात्री दोन वाजता कुठे होती हे विमा कंपनीला कळण्याचे कारण मला दिसत नाही.

चौकस

दुसऱ्या शंकेविषयी मी तुमच्याच बाजूचा आहे, आणि ती सक्ती कायद्याने येण्याची गरजही नाही. समजा, एका गटात वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवणारे निम्मे आणि वीस हजार चालवणारे निम्मे आहेत आणि सर्वांना सरासरी हप्ता पडतो. कमी चालवणारे सवलतीच्या योजनेत गेले की मागे उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते, त्यांचा हप्ता वाढतो, मग त्यांच्यातले मधले लोकही निघतात. शेवटी ज्याने माहिती दिली नाही तो लपवतो आहे असे गृहीत धरूनच दर लागतो. आपली खासगी गोष्ट जपण्याचे अशा रीतीने पैसे पडू लागतात.

पहिल्या शंकेचे उत्तर असे देता येईल. दावा दहा वर्षांत एकदा येतो, ब्रेकची नोंद मात्र एका महिन्यात शेकड्यांनी मिळते. वर मी सांगितलेली तुटपुंज्या नोंदीची अडचण या उपकरणाने खरोखरच दूर होते, आणि म्हणूनच संख्याशास्त्राला त्याचा मोह पडतो. पण त्या ब्रेकचा अर्थ आपल्या रस्त्यांवरच्या दाव्यांशी जुळवून काढायला हवा. युरोपातल्या रस्त्यांवर बसवलेले प्रारूप जसेच्या तसे सोलापूर रस्त्यावर लावले, तर रिक्षा चुकवणारेच दंड भरतील. किलोमीटर मोजण्यात असा कोणताही संदेह नाही आणि त्यासाठी तुमचा ठावठिकाणाही लागत नाही, ओडोमीटरचे छायाचित्र पुरते. त्यामुळे अंतरावर आधारलेल्या योजनेला माझी हरकत नाही, वागण्यावर आधारलेल्या योजनेला अजून काही वर्षे थांबावे.

वाहतूक नियमभंगाच्या नोंदीचा पर्यायही विचारात घेण्यासारखा आहे. नियामकाने नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी २०२१ च्या अहवालात, चालानांच्या गुणांवरून हप्त्यात स्वतंत्र भर घालावी, अशी शिफारस केली होती. त्यात ब्रेकसारखा अर्थाचा गोंधळ कमी आहे, मात्र चालान गाडीच्या क्रमांकावर फाटते आणि गाडी घरातले चौघे चालवतात.

निळावंती

चर्चेतून पुष्कळ कळले. एक व्यावहारिक शंका: मी गाडी विकून नवी घेणार आहे. माझा ५० टक्के एनसीबी जुन्या गाडीबरोबर जातो का? विकत घेणारे गृहस्थ तसे म्हणत आहेत, आणि डीलरने तर मला विचारलेही नाही.

पासष्टी

मी सरकारी विमा कंपनीतून निवृत्त झालो, म्हणून याचे उत्तर देतो. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली की सध्याच्या कंपनीकडून एनसीबीचे प्रमाणपत्र मागून घ्या. ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीच्या ओडी हप्त्याला लावता येते. घेणाऱ्या गृहस्थांना तुमचा बोनस मिळत नाही, आणि पॉलिसी त्यांच्या नावावर होताना ती सवलत त्यांनी भरून द्यायची असते. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर बोनस जातो, तेवढे सांभाळा. आणि डीलरने किंवा एजंटाने प्रस्तावात एनसीबीचा कोणताही आकडा परस्पर लिहिलेला नाही ना, हे सही करण्यापूर्वी वाचा. खाली जे प्रतिज्ञापत्र असते त्यानुसार ही माहिती चुकीची निघाली, तर पॉलिसीच्या पहिल्या विभागातले, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, सर्व लाभ जप्त होतात. कंपन्या ही पडताळणी हप्ता घेताना क्वचित करतात, दावा आल्यावर न चुकता करतात.